भविष्यकथेचा वाचक

अक्षय तृतीया जवळ आली की खान्देशातील शेतकऱ्याचे लक्ष शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळकडे लागते. तेथे शेतात घट मांडतात, भोवती निरनिराळी धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मांडणीत काय बदल झाला ते पाहून वर्षाचे पाऊसपाणी, पिके आणि भाव यांविषयी भाकिते सांगतात. वर्तमानपत्रे ती छापतात आणि यावल-रावेरच्या बाजारात चार दिवस त्यांची चर्चा चालते. वर्ष सरले की जे जुळले ते लोकांच्या लक्षात राहते, जे जुळले नाही ते कुणी आठवत नाही.

भाकिताकडे पाहण्याची ही सवय आपण नकळत आणखी एका ठिकाणी वापरतो. एखाद्या लेखकाने पन्नास-शंभर वर्षांपूर्वी नजीकच्या भविष्याविषयी कादंबरी लिहिलेली असते. त्या कादंबरीतले साल प्रत्यक्षात उजाडले की वाचक ती पुन्हा उघडतो आणि विचारतो, “यातले खरे किती झाले?” जॉर्ज ऑरवेलच्या १९४९ साली निघालेल्या कादंबरीला १९८४ साली हाच प्रश्न विचारला गेला. आर्थर क्लार्कच्या अंतराळकथेला २००१ साली विचारला गेला. मुलांना विज्ञानकथा वाचायला दिली तर वर्गातही पहिला हात याच प्रश्नासाठी वर येतो.

हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. भविष्यकथा म्हणजे घटमांडणी नव्हे. “असे होईल” असे ती सांगत नाही. “असे झाले, तर पुढे काय होईल?” एवढेच ती विचारते. म्हणून तिचा इतिहास लिहायचा तर लेखकाबरोबर वाचकाचाही लिहायला हवा. ती वाचून लोकांनी काय केले, काय विचारले, कशाला नाके मुरडली, हे पाहायला हवे. त्या इतिहासातील काही पाने आपण येथे उलटून पाहू.

ताळा पाहणारे आणि अनुयायी होणारे

१८८८ साली अमेरिकेत एडवर्ड बेलामी या लेखकाची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक १८८७ साली बोस्टन शहरात झोपतो आणि २००० साली जागा होतो. त्याला दिसणाऱ्या समाजात कारखाने राष्ट्राच्या मालकीचे आहेत, प्रत्येकाला काम आहे आणि उत्पन्न सर्वांना सारखे आहे. रोख पैसा नाहीसा झाला आहे. प्रत्येकाजवळ एक कार्ड असते आणि खरेदीची रक्कम त्यावरून वजा होते. या कार्डाला बेलामीने ‘क्रेडिट कार्ड’ असेच नाव दिले होते. संगीत ऐकायला सभागृहात जावे लागत नाही, ते तारेवरून घरी येते.

पुस्तकाचा खप प्रचंड झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाचक नुसते वाचून थांबले नाहीत. कादंबरीतला समाज प्रत्यक्षात आणावा म्हणून अमेरिकेत शंभराहून अधिक मंडळे स्थापन झाली. एखाद्या कादंबरीने राजकीय चळवळ उभी करावी असे क्वचितच घडते. ती चळवळ काही वर्षांतच ओसरली, पण वाचकांच्या प्रतिक्रियेचा एक प्रकार मात्र नोंदला गेला. तो म्हणजे कथेला आराखडा समजणारा वाचक.

त्याच काळात इंग्लंडमध्ये वेगळा वाचक निघाला. विल्यम मॉरिस हा कवी, कारागीर आणि समाजवादी विचारांचा माणूस होता. संपत्तीची वाटणी समान असावी हे त्याला मान्य होते, पण बेलामीचा यंत्रवत्, शिस्तबद्ध, शहरी समाज त्याला रुचला नाही. त्याने १८८९ साली त्या पुस्तकावर टीका लिहिली आणि १८९० साली ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ ही स्वतःची भविष्यकथाच लिहून काढली. तिच्यात माणसे आनंदाने हातांनी काम करतात आणि नद्या स्वच्छ वाहतात. हा कथेला कथेने उत्तर देणारा वाचक होता.

आता २००० सालच्या वाचकाकडे येऊ. त्याने बेलामीचे पुस्तक उघडले आणि ताळा पाहिला. कार्ड जुळले, घरबसल्या संगीत जुळले. समान उत्पन्न मात्र जुळले नाही. गंमत अशी की बेलामीला कार्ड ही गौण बाब वाटत होती. त्याचा खरा प्रश्न होता, “यंत्रांनी निर्माण केलेली संपत्ती कोणाची?” ताळा पाहणाऱ्याला कार्ड सापडले, आणि प्रश्न मात्र त्याच्या हातून निसटला.

मराठी वाचकाची पहिली शंका

मराठीत भविष्यकथा आली ती प्रथम भाषांतराच्या वाटेने. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हेर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचा मराठी अवतार वाचकांपुढे आला. पुढे भा. रा. भागवतांनी व्हेर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी शिक्षकांची विज्ञानाशी पहिली मैत्री अशाच पुस्तकांतून झाली आहे. मात्र या कथांतली माणसे फ्रेंच होती, इंग्रज होती, अमेरिकन होती. भविष्य घडते ते दूर कोठेतरी, अशीच वाचकाची समजूत त्यामुळे झाली असल्यास नवल नाही.

ती समजूत मोडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे नाव अग्रभागी येते. १९७४ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते आणि खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी होते. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. परीक्षकांवर आपल्या नावाचे दडपण येऊ नये म्हणून नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेतले. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी केली की हे नाव तयार होते. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली ती मंगला नारळीकर यांनी. कथेचे नाव होते ‘कृष्णविवर’. तिला पहिले पारितोषिक मिळाले. म्हणजे या कथेच्या पहिल्या वाचकांनी, परीक्षकांनी, ती निव्वळ कथा म्हणून वाचली आणि पसंत केली.

नाव उघड झाल्यावर प्रतिक्रियांचे स्वरूप बदलले. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी आणखी कथा मागितल्या. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या कथाप्रकाराची दखल घेऊन त्याचे स्वागत केले. लोकसंस्कृतीच्या थोर अभ्यासिकेला विज्ञानकथेत काहीतरी दिसावे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लोककथा आणि विज्ञानकथा या दोन्हींत ‘असे असते तर’ हा धागा असतो, हे कदाचित तिच्या अभ्यासकाला लवकर जाणवत असावे.

पण सर्वांनीच स्वागत केले असे नाही. मराठी समीक्षेत एक शंका पुष्कळ काळ रेंगाळत राहिली. “हे साहित्य आहे काय?” पात्रे ठसठशीत नाहीत, मधेच विज्ञानाचा तास सुरू होतो, भाषेला रंग नाही, अशा तक्रारी झाल्या. त्यांत तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. लेखक वैज्ञानिक असला की समजावून सांगण्याचा मोह आवरत नाही. तरीही आम्हांला असे वाटते की या वादात एक गोष्ट मागे पडली. कथेने उभा केलेला प्रश्न कोणता आणि त्याचे उत्तर काय, यावर फारच थोड्यांनी लिहिले. कथा साहित्यात बसते की नाही यावर शाई खूप खर्च झाली, तिच्यातील शक्यतेवर कमी झाली.

दरम्यान बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर अशा लेखकांनी हा प्रवाह रुंद केला. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, तेव्हा “हे साहित्य आहे काय?” या शंकेवर पडदा पडला असे म्हणायला हरकत नाही. मधे ४७ वर्षे गेली होती. २० मे २०२५ रोजी पुणे येथे नारळीकरांचे निधन झाले.

वामनाची तीन पावले

नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी १९८०च्या दशकातली. तिचा गाभा थोडक्यात असा. जमिनीत खोल खणताना वैज्ञानिकांना एक पुरातन पेटी सापडते. ती मागे ठेवणारी संस्कृती आपल्याहून प्रगत होती आणि ती नष्ट झालेली आहे. पेटीतील माहिती उलगडत आपले वैज्ञानिक अधिकाधिक समर्थ यंत्रे बनवू लागतात आणि त्यातून वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव उभा राहतो. तो उपयोगी आहे, आज्ञाधारक आहे, माणसाहून हुशार आहे. अडचण अशी की अशा यंत्रमानवाला स्वतःसारखेच यंत्रमानव घडवण्याची मोकळीक मिळाली तर त्याला आवरणार कोण? आधीची संस्कृती कशाने बुडाली याचे उत्तरही याच प्रश्नात दडलेले आहे.

नावाची निवड मार्मिक आहे. पुराणातला बटू वामन बळीराजाकडे फक्त तीन पावले जमीन मागतो. मागणी इतकी लहान की नकार द्यायचे कारणच सुचत नाही. दिल्यावर कळते की तीन पावलांत सारे गेले. माणूस यंत्राला एकेक लहान काम सोपवत जातो, त्याचे यापेक्षा नेटके वर्णन कोणते करावे?

या कल्पनेची मुळे जुनी आहेत. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून आला. त्या नाटकातही यंत्रमानव मालकांवर उलटतात. स्वतःची प्रत स्वतःच तयार करणारे यंत्र शक्य आहे काय, हा प्रश्न गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस तर्काच्या पातळीवर सोडवला. अशा यंत्राजवळ दोन गोष्टी हव्यात. एक, स्वतःच्या रचनेचे लिखित वर्णन. दुसरी, ते वर्णन वाचून त्याबरहुकूम बांधणी करणारा आणि वर्णनाची नक्कल उतरवणारा भाग. सजीव पेशीत हेच घडते. वर्णन म्हणजे डीएनए आणि ते वाचून बांधणी करणारी यंत्रणा म्हणजे रायबोसोम व निरनिराळी विकरे. फॉन नॉयमन यांनी हे मांडले तेव्हा डीएनएची रचना उलगडलेली नव्हती, ती १९५३ साली उलगडली. तेव्हा यंत्राने यंत्र घडवणे ही कल्पना विज्ञानाच्या नियमांत बसणारी आहे, परीकथा नाही.

१९८०च्या दशकातल्या मराठी वाचकाने ही कादंबरी कोणत्या परिस्थितीत वाचली? संगणक तेव्हा मोठ्या संस्थांत, वातानुकूलित खोलीत असायचा. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना त्याला विरोध करीत होत्या. खान्देशातील तालुक्याच्या गावी बहुतेक वाचकांनी संगणक डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. अशा वाचकाला वामन म्हणजे दूरची करमणूक वाटली असेल, किंवा फार तर नोकऱ्या जाण्याच्या भीतीचे चित्र वाटले असेल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रश्नांना माणसासारखी उत्तरे देणारा ‘चॅटजीपीटी’ लोकांसाठी खुला झाला. त्यानंतर ही कादंबरी हाती घेणारा विद्यार्थी ती निराळ्याच डोळ्यांनी वाचतो. त्याच्या खिशातल्या फोनमध्ये निबंध लिहून देणारे यंत्र आहे. तो लगेच ताळा पाहू लागतो. संगणक बोलेल म्हटले होते, बोलला. यंत्रमानव रस्त्यावर दिसत नाहीत, म्हणून ते चुकले. येथेच शिक्षकाने त्याला थांबवायला हवे. कादंबरीचा विषय यंत्र कसे दिसते हा नाही. यंत्राला कोणता निर्णय सोपवायचा आणि कोणता नाही, हे कोणी आणि केव्हा ठरवायचे, हा तिचा विषय आहे. निबंध लिहून घेणे हे पहिले पाऊल असेल, तर दुसरे कोणते आणि तिसरे कोणते? हा प्रश्न १९८०च्या दशकातल्या वाचकाला पुढचा वाटला, आजच्या विद्यार्थ्याला तो आजचा आहे.

एक कारण की दोन?

नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत वाचकाच्या प्रतिक्रियेचा प्रश्न वेगळ्या रीतीने येतो. हौशी आकाशनिरीक्षक दत्त यांना एक धूमकेतू सापडतो आणि तो पृथ्वीवर आदळणार असल्याचे निष्पन्न होते. जगातील वैज्ञानिक गुप्तपणे एकत्र येतात आणि अण्वस्त्रे वाहून नेणाऱ्या यानाने त्याची वाट बदलतात. इकडे घरी संकटनिवारणार्थ यज्ञ झालेला असतो. पृथ्वी वाचते, आणि ती यज्ञामुळेच वाचली असे घरच्यांना वाटते.

या कथेचा ताळाही मांडता येतो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ‘डार्ट’ यानाने डिमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम धडक दिली आणि त्याचा सुमारे १२ तासांचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक कमी झाला. स्फोटके वापरली नाहीत, धडकेचा संवेग पुरला. पण वर्गात ही कथा वाचायची ती यासाठी नव्हे. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण होते काय? दोन दावेदार असतील तर निवाडा कसा करायचा? कोणता दावा आधी आकड्यांत मांडला होता? विज्ञानाच्या पद्धतीवरचा धडा यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच शिकवता येईल.

कामाला लागलेला वाचक

वाचकांच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण पान इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या एका कादंबरीचे आहे. ‘द वर्ल्ड सेट फ्री’ हे तिचे नाव. ती १९१४ साली प्रसिद्ध झाली. फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाचे रेडियमवरील पुस्तक वाचून वेल्स यांना ती सुचली. अणूत साठलेली ऊर्जा माणसाच्या हाती आली तर काय होईल, असा तिचा विषय. तिच्यात एक वैज्ञानिक १९३३ साली कृत्रिम रीतीने अणुऊर्जा मोकळी करतो. आधी कारखाने चालतात, वाहने धावतात, मग जुन्या व्यवसायांवर गदा येते, बेकारी वाढते आणि शेवटी जागतिक युद्धात विमानांतून ‘अणुबॉम्ब’ टाकले जातात. हा शब्दही वेल्स यांचाच.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि पुस्तक मागे पडले. त्याचा खरा वाचक १८ वर्षांनी भेटला. लिओ झिलार्ड या हंगेरियन पदार्थवैज्ञानिकाने ते १९३२ साली बर्लिनमध्ये वाचले. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि झिलार्ड लंडनला गेले. १२ सप्टेंबर १९३३च्या वर्तमानपत्रात त्यांनी वाचले की, अणूतून ऊर्जा मिळवण्याच्या गोष्टी म्हणजे निव्वळ कल्पनाविलास आहे असे लॉर्ड रदरफर्ड आदल्या दिवशी भाषणात म्हणाले. झिलार्ड अस्वस्थ झाले. फिरता फिरता त्यांच्या मनात आले की, एक न्यूट्रॉन शोषून दोन न्यूट्रॉन बाहेर टाकणारे मूलद्रव्य सापडले तर? एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. ८० पिढ्यांत ही संख्या एकावर २४ शून्ये इतकी होते. हीच शृंखला अभिक्रिया.

१९३४ साली त्यांनी या कल्पनेचे एकस्व मागितले आणि पुढे ते गुप्त राहावे म्हणून ब्रिटिश नौदलाच्या स्वाधीन केले. याचा अर्थ काय होऊ शकतो हे वेल्स वाचल्यामुळे आपल्याला ठाऊक होते, असे त्यांनीच पुढे नोंदवले आहे. १९३८ सालच्या अखेरीस युरेनियमच्या विखंडनाचा शोध लागला. जर्मनी आधी अणुबॉम्ब करील या भीतीने २ ऑगस्ट १९३९च्या आइन्स्टाइनच्या प्रसिद्ध पत्रामागे झिलार्ड उभे राहिले. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे पहिली नियंत्रित शृंखला अभिक्रिया झाली, तेथेही ते होते. आणि जुलै १९४५ मध्ये, जपानला अटी सांगून शरणागतीची संधी दिल्याखेरीज बॉम्ब वापरू नये असा अर्ज त्यांनीच फिरवला. त्यावर ७० वैज्ञानिकांनी सह्या केल्या. अर्ज राष्ट्राध्यक्षांपर्यंत वेळेत पोहोचला नाही. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी उद्ध्वस्त झाली.

वेल्स यांचा ताळा मांडला तर तो थक्क करणारा आहे. १९३३ हे सालही जुळते. तपशिलात चुकाही आहेत. त्यांचा बॉम्ब एकदम फुटत नाही, दिवसेंदिवस धगधगत राहतो. पण या कादंबरीचे महत्त्व जुळण्यात नाही. एका वाचकाने तिच्यातली शक्यता खरी मानून हिशेब केला, आणि ती शक्यता हाताशी आल्यावर तिची जबाबदारीही घ्यायचा प्रयत्न केला, यात आहे. तो प्रयत्न अपुरा पडला ही शोकांतिका. एकटा वाचक पुरत नाही, समाजच तसा वाचक व्हावा लागतो, हा तिचा धडा.

पोस्टकार्डावरचा प्रश्न

नारळीकरांची एक सवय पुष्कळांना ठाऊक असेल. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. तेव्हा ते सांगत, “पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर लिहीन, त्याखाली सही असेल.” गावोगावची मुले खरोखरच कार्डे पाठवीत आणि उत्तरे येत.

आम्हांला ही युक्ती फार मोलाची वाटते. स्वाक्षरी मागणारा मुलगा अनुयायी असतो. प्रश्न लिहायला बसला की तो वाचक होतो. पोस्टकार्डावर जागा थोडी, म्हणून प्रश्न नेमका करावा लागतो. नेमका करायचा म्हणजे आधी स्वतः विचार करावा लागतो. लेखक आणि वाचक यांच्यात असे देणेघेणे चालू राहिले तरच विज्ञानकथा विज्ञानप्रसाराच्या कामी येते.

आणि आपले यावल?

आता हा विचार आपल्या गावापर्यंत आणू. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात यावलचा उल्लेख जाडाभरडा देशी कागद आणि नीळ यांसाठी एके काळी प्रसिद्ध असलेले गाव असा येतो. आज यावलच्या मुलाला हे सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही. हातकागदाची जागा गिरणीच्या कागदाने घेतली. निळीचे तर पाहा. १८८० साली खान्देशचे गॅझेटियर छापले गेले, आणि त्याच साली जर्मनीत आडोल्फ फॉन बायर यांनी प्रयोगशाळेत निळीचे संश्लेषण साधले. १८९७ साली रासायनिक नीळ बाजारात आली आणि देशभरातील निळीची शेती खचत गेली. एका प्रयोगशाळेतली बाटली आणि दूरच्या शेतातले पीक यांचा संबंध जोडणारी कथा त्या वेळी कोणी लिहिली असती, तर शेतकऱ्याने ती हसण्यावारी नेली असती.

आज त्या जागी केळी आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मृगबाग असो की कांदेबाग, यावल-रावेरचे अर्थकारण तिच्याभोवती फिरते. या केळीविषयी दोन ‘जर-तर’ आपल्या पायाशी आहेत.

पहिला पाण्याचा. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, जाड वाळूचा पट्टा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला ‘बझाडा’ म्हणतात. डोंगरावरून आलेले पाणी येथे चटकन जमिनीत मुरते, हेच आपल्या विहिरींचे मूळ भांडवल. पण उपसा मुरण्यापेक्षा अधिक होत गेला. विहिरी आटल्या, ट्यूबवेल आल्या, त्याही खोल खोल गेल्या आणि हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी नोंदले गेले. तापीचे पुराचे पाणी या पट्ट्यात मुरवण्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. ती पूर्ण झाली तर काय, आणि पाणी आल्यावर उपसाही तितकाच वाढला तर काय?

दुसरा ‘जर-तर’ पिकाचा. ‘जी-नाईन’ म्हणून ओळखली जाणारी ग्रँड नैन ही जात कॅव्हेंडिश गटातली. केळीला बी नाही, कंद किंवा ऊतिसंवर्धित रोप लावायचे. म्हणजे हजारो हेक्टरांत जवळजवळ एकाच झाडाच्या प्रती उभ्या असतात. जगाच्या बाजारात पूर्वी ‘ग्रो मिशेल’ जात होती. ‘पनामा रोग’ या बुरशीने १९५०च्या दशकात तिचा व्यापार संपवला आणि त्या जागी कॅव्हेंडिश आली. आता त्याच बुरशीचा कॅव्हेंडिशलाही मारणारा प्रकार निघाला आहे आणि बिहार, उत्तर प्रदेशात तो आढळला आहे. बूट, अवजारे, पाणी आणि लागवडीचे कंद यांतून तो पसरतो. तो तापीकाठी आला तर?

या दोन्ही प्रश्नांवर कथा लिहिता येतील. शिक्षकांना आमची सूचना अशी. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना ‘२०५० सालचे यावल’ अशी कथा लिहायला सांगावी, पण तीन अटी घालाव्यात. कथेत विज्ञानाचा कोणताही ज्ञात नियम मोडू नये. मोडायचा असेल तर एकच, आणि तो कोणता हे सांगून. दुसरी अट, गावातला निदान एक आकडा स्वतः मिळवलेला असावा. घरच्या विहिरीची मे महिन्यातली पाणीपातळी, बागेला रोज ठिबकने जाणारे पाणी, किंवा वडिलांच्या वेळी ट्यूबवेल किती फूट होती ते. तिसरी अट वाचकासाठी. कथा दुसऱ्या वर्गाला वाचायला द्यावी आणि त्या वर्गाने ‘छान आहे’ असे न लिहिता पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एकच प्रश्न लिहून परत द्यावा. लेखक-विद्यार्थ्याने आठवड्याच्या आत त्याचे उत्तर शोधावे. उत्तर पुस्तकात नसेल तर कृषी सहायकाला विचारावे, केळी पिकवणाऱ्या जाणत्या शेतकऱ्याला विचारावे, स्वतः मोजून पाहावे.

या कथांतले काय खरे ठरेल हे २०५० साल सांगेल. पण पाणीपातळी मोजायला शिकलेला विद्यार्थी तोवर चाळिशीच्या आसपास पोहोचलेला, आपल्या शेताचा आणि गावाचा कारभार पाहणारा माणूस झालेला असेल. ट्यूबवेल आणखी खोल न्यायची की नाही, रोपे कोठून आणायची, कोणता निर्णय यंत्रावर सोपवायचा, हे त्यालाच ठरवायचे आहे.